माझ्याकडे न येणारी पोनी

वेल्समध्ये, कार्डिफच्या उत्तरेला डोंगरांवर पोनी मोकळ्या चरतात. त्यांना मालक असतो, पण माणसाचा हात लागलेला नसतो. मुलगी युनिव्हर्सिटीला गेली, त्या हिवाळ्यात आम्ही नवराबायकोनं तशीच एक तरुण घोडी घेऊन जवळच्या फार्मवर ठेवली. कल्पना माझी होती, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्यांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय. त्याच काटेकोरपणानं मी शिकलो: तिच्याकडे सरळ चालत जायचं नाही, रोखून बघायचं नाही, तिनं कान आपल्याकडे वळवले की आपणच मागे सरकायचं. म्हणजे हा माणूस अंगावर येत नाही, हे तिला कळतं. ऑफिसच्या आधी रोज मी हे करत होतो. ती चार हातांवर येऊन थांबायची. त्याच्या आत कधीच नाही.

बायको भूलतज्ज्ञ आहे. ती फक्त रविवारी यायची. घोडीकडे पाठ करून उभी राहायची आणि नागपूरला बहिणीला फोन लावायची. "अगं, मग सासू काय म्हणाली?" असल्या गप्पा. अशाच एका रविवारी घोडी मागून आली आणि तिच्या खांद्यावर नाक टेकवून उभी राहिली. बायको वळलीसुद्धा नाही. "थांब हं, ही आलीये," एवढंच बहिणीला म्हणाली.

परतताना मी गाडीत रेडिओ मोठा केला. बायकोनं तो बंद केला.

"पोनीच आली ना माझ्याकडे? प्रमोशन तर नाही मिळालं!"

"तुला माणसं झोपवायची सवय आहे," मी म्हणालो.

"मी औषध देऊन झोपवते. नुसतं बोलून झोपवायचं काम तुझं."

मला हसू आलं नाही. पुढच्या रविवारी घोडी तिच्या हातून गाजर खात होती आणि मी कुंपणाबाहेर कोटाची चेन वरखाली करत उभा होतो.

मग बायको भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेली. मला बरं वाटलं. आता घोडी माझी एकट्याची होती. पण तिचा पुढचा खूर चिरला. फार्मवरच्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, "उद्या नालबंद येतोय. तोवर हिच्या तोंडावर दोरीची म्होरकी चढली नाही, तर अरुंद कठड्यात कोंडून धरावं लागेल. खुराचं काम होईल, पण ही परत माणसाजवळ येईल असं वाटत नाही."

दुपारभर मी म्होरकी घेऊन तिच्यामागे नाही, तिच्या बाजूबाजूनं फिरलो. चार हात. शेवटी वैतागून बायकोला फोन लावला, तक्रार करायला.

"आज काही खाल्लंस का तू?" स्पीकरवरून तिचा आवाज आला, आणि घोडीनं मान वर केली. सावकाश चालत माझ्यापर्यंत आली आणि हातातला फोन हुंगू लागली. तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. इतके दिवस याचसाठी येत होतो मी, आणि तो श्वास माझ्यासाठी नव्हता.

मी फोन बंद केला.

घोडी क्षणभर थांबली, तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती कुंपणाच्या टोकाला निघून गेली. चालताना तो पाय ती जपून टेकत होती.

त्या पायाकडे बघत मी बराच वेळ उभा राहिलो. मग परत फोन लावला.

"कट कसा झाला?"

"रेंज नाही इथे. तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल. लग्नात कोण रुसलं ते सांग."

ती सुरू झाली. नवऱ्या मुलाच्या आत्याला साडी पसंत नव्हती, व्याही जेवायला बसेनात. फोन मी छातीवरच्या खिशात ठेवला. घोडी आली, कान माझ्या खिशाकडे लावून उभी राहिली. मी तिच्या गालावरून हात फिरवला. तिचं अंग थरथरलं, पण ती हलली नाही. म्होरकी नाकावरून सरकवली, कानामागे घेतली, गाठ मारली.

फाटकाशी म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. "शाब्बास!" त्या तिथूनच ओरडल्या. "भलताच लळा लागलाय हिला तुमचा!"

"कोण आहे रे? काय म्हणतायत?" खिशातून बायकोनं विचारलं.

मी खिशावर हात ठेवला. "काही नाही," म्हणालो. "तू सांग, मग व्याही बसले का जेवायला?"