आक्काला जंत कोणी समजावले

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे. सांगोल्याकडच्या आमच्या गावात शेळ्यांमागं ती गेली, म्हणून मी शाळेत गेलो. घरातला पहिला पदवीधर मी. आता सोलापुरात प्राणिशास्त्राचं एम.एस्सी. करतो. शेळ्यामेंढ्यांच्या पोटातले जंत हा माझा विषय.

सुट्टीत माझा एक वर्गमित्र माझ्यासोबत गावी आला. तो शहरातला, डॉक्टरांचा मुलगा. त्याच दिवशी आक्काची एक शेळी मेली. आम्ही तिच्या पोटाचा चौथा कप्पा उघडला, पाण्यात धुतला. केसाएवढे जंत परातीत वळवळत होते. मी चिमट्यानं एकेक वेचत होतो. त्यानं मात्र भिंग आक्काच्या हातात दिलं.

"आक्का, ही मादी बघा. लाल दिसतं ते रक्तानं भरलेलं आतडं. त्याच्याभोवती पांढऱ्या नळ्या गुंडाळल्यात, त्यात अंडी तयार होतात."

"आगं बाई! करगोट्यावानी पीळ हाय की!"

"आणि नराच्या शेपटीला छत्री असते. जंताची जात ओळखायची ती त्या शेपटीवरून."

"म्हंजे बाप्याला छत्री, आन बाईला नुसता पीळ?" आक्का पोट धरून हसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लई गुणाचा हाय की रं तुजा दोस्त. तू कदी सांगितलं न्हाईस असं."

"सांगितलं होतं आक्का. गोलकृमी, पट्टकृमी, पर्णकृमी..."

"व्हय, कागद वाचल्यागत."

रात्री भाकरीवर लोण्याचा मोठा गोळा त्याच्या ताटात पडला. मी मान खाली घालून जेवलो.

सोलापूरला परतल्यावर आठवड्यानं आक्काचा फोन आला. दुसऱ्या शेळीच्या जबड्याखाली पाणी उतरून सूज आली होती. मी सांगू लागलो की अंगातलं रक्त कमी झालं की असं होतं. तिनं मधेच तोडलं, "तू ऱ्हाऊ दे. त्याला दे फोन." तो शेजारीच होता, मी दिला. त्यानंही तेच सांगितलं, वर जनावरांच्या डॉक्टरला दाखवा म्हणाला. तिला पटलं.

फोनवर बोललो असतो तर भांडण झालं असतं. म्हणून पत्र लिहिलं. अक्षरं जुळवत का होईना, आक्काला वाचता येतं.

"आक्का,
शेळीला डॉक्टरकडं नेलंस का? तो बोलला ते बरोबरच होतं, पण मीही तेच सांगत होतो.
आता माझ्याकडून ऐक. लेंड्यांत तांदळासारखे दाणे दिसतात ना, ते पट्टकृमीचे तुकडे. तो आतड्यात फितीसारखा लांब पसरलेला असतो. पर्णकृमी पानासारखा चपटा, काळजात म्हणजे यकृतात राहतो. त्याच्याच भावकीतला एक पोटाच्या पहिल्या कप्प्यात चिकटतो, अगदी डाळिंबाच्या दाण्यासारखा, गुलाबी. हे त्यानं तुला सांगितलं नव्हतं.
दिवाळीला तोही येतो म्हणतोय. येऊ दे. त्याला जेवायला वाढ, लोणीही घाल. पण शेळ्यांचं काही विचारायचं असलं तर आधी मला विचार. मी तुझा भाऊ आहे."