दोन जोड्या

रबरी हातमोज्यांच्या भुकटीचा कोंदट वास आला की आजही माझे डोके तापते. महाडच्या एका खासगी दवाखान्यात आईची जखम बांधणारी ती बाई बिरवाडीहून यायची. पट्टी सोडवताना ती हलकेच फुंकर घाली आणि त्या फुंकरीत तिच्या छातीतली शिट्टी ऐकू येई. तिच्या मनगटांवर लाल गांधी उठलेल्या असत. रबराची ॲलर्जी आहे, जिवावर बेतेल, हे तिथल्या डॉक्टरांनीच तिला सांगितले होते. दवाखान्याने मोजे मात्र तेच ठेवले. तिने दुसरे मागितले तेव्हा मोठ्या सिस्टर हसल्या, “नाजूक झालीस गो! दोन जोड्या चढव, नाय खाजणार.”

तिने खरोखरच दोन चढवल्या. थोड्याच वेळात ती धापा टाकत भिंतीला टेकली.

संतापून मी म्हणाले, “अहो, जीव जाईल! सोडा हे काम.”

श्वास सावरत तिने माझ्याकडे पाहिले.

“मग?”