रुपरावकाकांनी बुजवलेली भोकं

गढीच्या बागेत पाहुणे आले की रुपरावकाकांचे हात पाठीमागे जातात, हनुवटी वर होते आणि आवाज थेट आकाशवाणीचा निघतो. "तर मंडळी, ही भोसल्याइच्या काळातली बाग! तीन टप्पे. वरतं आंबे, मधात गुलाब, खालतं कारंजं. माती थोपवाले दर टप्प्याले दगडाची भिंत. अन् भिंत पाहा जी, एक भोक नाही! पहिले चाळणी होती, चाळणी! म्या बुजवली." 'म्या'ला तर्जनी वर.

काका सव्वीस वर्षांपासून इथले माळी. ती भोकं पाझरायची, शेवाळायची, कधी त्यातून विंचू निघायचा. म्हणून दर दिवाळीला काका भिंतीला चुना मारत आणि चार-दोन भोकांत सिमेंट ठासत. कांताकाकू म्हणायच्या, "घरचा पत्रा गयून राह्यला, अन् हे भिंतीचे दात भरून राह्यले!"

यंदा ऑगस्टच्या झडीनंतर मधल्या टप्प्याच्या भिंतीला पोट आलं. ते बघायला मेघा मॅडम आल्या. त्या जुन्या बांधकामांची दुरुस्ती करतात. काकांनी त्यांनाही अख्खं भाषण ऐकवलं. 'एक भोक नाही'ला मॅडम थबकल्या.

"काका, किती बुजवली?"

"एक्कावन!" काका खूश, तर्जनी वर.

"ती मुद्दाम ठेवलेली होती हो. मातीत मुरलेलं पाणी तिथून बाहेर पडायचं. आता ते भिंतीमागे साठलंय. तेच तिला ढकलतंय."

काकांचं बोट हवेतच राहिलं. आवाज आला, तो आकाशवाणीचा नव्हता. "म्हंजे... इतकी वर्सं उभी होती, अन् तिले मी पाडून राह्यलो?"

शेजारी उभ्या कांताकाकूंच्या ओठावर टोमणा आला होता. त्यांनी तो गिळला.

मॅडमनी दोरी बांधून बघायला जमलेल्या आम्हा सगळ्यांना मागे हटवलं. "उद्या माणसं येतील. आधी टेकू लावू, मग भोकं उघडू."

"उद्यापरेंत थांबन का भिंत?" आभाळ पुन्हा भरून आलं होतं. काका सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन दोरीखालून आत शिरले.

पहिलं सिमेंट फुटलं आणि चहाच्या रंगाचं पाणी त्यांच्या छातीवर आदळलं. दुसरं. तिसरं. प्रत्येक भोक असं उसळत होतं, की आम्ही दोरीपलीकडे एकेक पाऊल मागे सरत होतो. बारावं फुटलं आणि पलीकडच्या कोपऱ्यात धडाम! बारा फूट भिंत, गुलाब, चिखल, सगळं खालच्या टप्प्यावर. सब्बल काकांच्या हातून गळून पडली.

"काका, मागे या!" मॅडम किंचाळल्या.

काका हलले नाहीत. पडलेल्या दगडांकडे बघत त्यांचे ओठ पुटपुटत होते. तिथली सहा गेली, बारा उघडली.

"कांता, सब्बल दे वं," ते म्हणाले. "तेहतीस उरले."

काकू दोरीखालून वाकून आत गेल्या. चिखलातली सब्बल उचलली, पदराला पुसली आणि त्यांच्या हातात दिली.