तीन लुगडी

आमच्या अणदूरकडं एखादी बाई पोटातलं बोलेनाशी झाली की म्हणतात, हिनं तीन नेसलीत. हे कुठनं आलं, कुणाला ठाऊक न्हाई. परवा एका शिकलेल्या माणसानं सांगितलं, जुन्या कुठल्याशा व्रतावरनं आलंय. मला बसवेना, तिथनं उठूनच आले. व्रत कसलं डोंबलाचं! ती तीन लुगडी माझ्या अंगावर होती.

निजामाचं राज्य होतं. थोरल्या बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि लुगडी घ्यायची तर सोलापुरात, म्हणजे इंग्रजी मुलखात. परत येताना नाक्यावर नव्या कापडाला जकात. ती चुकवायला बाया कापड नेसूनच यायच्या. मी अंगानं काडी, म्हणून आईनं बहिणीची तिन्ही लुगडी माझ्यावरच चढवली. आत हिरवं, मग लग्नाचं लालभडक, वर लिंबाच्या रंगाचं. रंग कच्चा असतो, पाण्याला हात लावायचा न्हाई, असं दहादा बजावलं.

नाक्यावर गाड्यांची ही रांग. वैशाखाचं ऊन. अंगाची नुसती काहिली. बसवेना, उभं राहवेना. आई वडलांशी बोलायला वळली आणि मी गाडीतली घागर उचलून डोक्यावर ओतली.

नाकेदार आला तो माझ्याकडं बघून घाबरलाच. लिंबाच्या रंगावर लाल डाग पसरत चाललेला. त्याला वाटलं रक्त.

"बेटी, कहाँ लगा?" त्यानं मायेनं विचारलं.

मला तोंड उघडेना. त्यानं तिथल्या झाडूवालीला मला आडोशाला न्यायला सांगितलं. ती बिचारी जखम शोधायला गेली अन् तिला लुगडी सापडली. तिन्ही जप्त झाली. मी आईचं जुनेर नेसून घरी आले.

बहीण चुलतीच्या वापरातल्या लुगड्यावर बोहल्यावर चढली. मला एका शब्दानं बोलली न्हाई. पण पंगती उठेपर्यंत ही गोष्ट वऱ्हाडात झाली, आणि तिच्याबरोबर सासरीही गेली. ती जरा गप्प दिसली की सगळी म्हणायची, हिनं तीन नेसलीत. तीही हसायची.

सासरी तिचे लई हाल झाले, हे ती वारल्यावर तिच्या शेजारणीकडनं कळलं. तेव्हापासनं माझा जीव थाऱ्यावर न्हाई. माहेरी आली की ती माझ्याजवळ तासन्‌तास गप्प बसायची. काय झालं म्हणून मी कधी विचारलं न्हाई. मीसुद्धा हसून तेच म्हणायचे.