सदाचा सॉस

सदा नाईक खेकड्याचं मांस काढायला बसला की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. ड्रेस्डेनमधल्या आमच्या सामायिक फ्लॅटच्या टेबलावर तो वर्तमानपत्र पसरायचा आणि प्रयोगशाळेत वापरतात तसला नवाकोरा चिमटा घेऊन नांग्यांमधून धागान्‌धागा ओढत राहायचा. मग सगळं मांस पुन्हा बोटांनी चाचपायचा. कवचाचा कण सापडला की माझ्याकडे असा बघायचा, जणू तो मीच टाकलाय.

सदा वेंगुर्ल्याचा, खेकडे दातांनी फोडून खाणाऱ्या घरातला. ‘‘कटलेट ही काय कुर्ल्ये खावची तऱ्हा?’’ असं कुरकुरत तो कटलेटच करायचा, कारण आमच्या संशोधन संस्थेतल्या प्रोफेसरांना तीच आवडायची. त्यांची मर्जी राखणं भागच होतं. सदाचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. ते वाढलं तरच बायकोला आणता येणार होतं. स्मिता लग्नानंतरही वेंगुर्ल्यातच वाट बघत बसली होती.

‘‘अगो, काम सगळेच करतत. पोटात शिरलंस काय मगे मनात वाट मेळता,’’ हे त्याचं तत्त्वज्ञान.

‘‘सदा, ही जर्मन माणसं आहेत. त्यांचं जेवण वेगळं, काम वेगळं,’’ मी म्हणायचे.

‘‘तू पुण्याची. तुका जेवणातला काय कळता?’’

कटलेटबरोबरचा सॉस तो गावाहून आणलेल्या दगडी खलात कुटायचा. भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, आईचा मालवणी मसाला, वर कोकमाचं आगळ. मिक्सरला बंदी. हात भरून यायचा, पण गडी थांबायचा नाही.

संस्थेच्या उन्हाळी पार्टीत प्रोफेसरांनी प्लेटमधला सॉस पावाने पुसून खाल्ला आणि सदाच्या पाठीवर थाप मारली. ‘‘तुझ्याशिवाय इथलं पान हलायचं नाही!’’ सदाने ते वाक्य जसंच्या तसं स्मिताला फोनवर सांगितलं. त्या आठवड्यात तिने जाडजूड कोट घेतला. वेंगुर्ल्यात!

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. ‘‘लायडर, दुर्दैवाने,’’ म्हणाले प्रोफेसर. निधी नाही, वाईट वाटतं. आणि त्याच बैठकीत, त्याच खुर्चीत बसून: ‘‘आल्झो, तर मग, जाण्याआधी तो सॉस मला शिकवशील ना?’’

घरी येऊन सदाने हे सांगितलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. ‘‘मीठ दुप्पट सांग त्यांना,’’ मी म्हटलं.

‘‘अन्नाशी खोटा वागूचा नाय,’’ सदा म्हणाला. रविवारी तो प्रोफेसरांच्या घरी जाऊन सगळं शिकवून आला. खलही तिथेच ठेवून आला.

आता तो रत्नागिरीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. तो कोट कपाटात आहे म्हणे.

यंदाच्या पार्टीला प्रोफेसर स्वतः कटलेटं करून घेऊन आले. लोक बोटं चाटत होते. कुणीतरी विचारलं, हे कुठे शिकलात? ‘‘आमच्याकडे एक भारतीय मुलगा होता,’’ ते म्हणाले. नाव त्यांना आठवेना. मी सांगितलं. ‘‘गेनाऊ, गेनाऊ! अगदी बरोबर!’’ म्हणत ते पुढच्या पाहुण्याकडे वळले.

मी एक कटलेट उचललं. सॉस तंतोतंत सदाचाच होता, त्याने काहीही हातचं राखलेलं नव्हतं. ते कटलेट मी सावकाश चावून चावून खाल्लं, निदान कवचाचा एक कण तरी दाताखाली यावा म्हणून. नाही आला.