सुटा दगड

नोकरीला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते आणि आपल्याला सगळं येतं असं माझं ठाम मत होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरिवलीच्या पश्चिमेला खाडीकडे जाणारा एक रस्ता आणि वाटेतल्या नाल्यावर पूल व्हायचा होता. काम सुरू होण्याआधी त्या पट्ट्यात काही जुने अवशेष आहेत का ते पाहून यायचं, एवढंच आमचं काम. आम्ही म्हणजे पुण्याहून आलेले सर, टेप धरणारा एक शिपाई आणि मुलुंडहून बस बदलत येणारी मी. लोकांना वाटायचं आम्ही जमीन मोजायला आलोय, त्यामुळे चहाही मिळायचा आणि शिव्याही.

पंधरा दिवसांत सापडलं काय, तर तीन पिशव्या खापरं आणि एक दगड. तो नाल्याकाठच्या बैठ्या चाळीमागे उभा होता. वर कोरलेले चंद्र-सूर्य, त्यांना शेंदूर, पुढ्यात विझलेली पणती. खालचा भाग मातीत. मी खुरप्यानं माती बाजूला केली तर गाढव दिसलं. गधेगाळ! जुन्या काळी जमीन दान दिली की असा दगड रोवत. दान मोडणाऱ्याच्या आईला गाढवावरून दिलेली शिवी त्यावर कोरलेली असते. मला इतका आनंद झाला की शिपायाला मिठी मारायचीच काय ती बाकी होती.

"गो बाय, काय उकरतंस थंय?" मागून आवाज आला.

चाळीतल्या एक आजी होत्या, मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो वारलेला. चाळीचा पाया खणताना हा दगड निघाला, तेव्हा त्यानंच तो उभा केला होता. तेव्हापासून तो त्यांचा राखणदार. आजारपण असो, पोराची नोकरी असो, सगळं त्याच्या कानावर घालायचं. खाली काय कोरलंय ते मी आजींना सांगितलं नाही. माझी जीभच रेटेना.

"रस्तो झालो काय ह्येचा काय करतले?" त्यांनी विचारलं.

"मी लिहून घेतलंय ना आजी, सरकारी कागदावर. आता कोणी हात लावणार नाही. नीट उचलून चांगल्या जागी ठेवतील."

"तू लिवलंस मा? मगे झाला," म्हणत त्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

लिहिलं होतं, खोटं नाही. आमच्या तक्त्यात 'स्थिती' नावाचा रकाना होता. वस्तू मूळ जागी असेल तर 'जागेवर' लिहायचं, तिथून हललेली असेल तर 'सुटी', असं सरांनी शिकवलेलं. हा दगड हललेला, म्हणून मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'कोरीव दगड, सुटा'. मापं, चित्र, त्याला कुठं हलवावं याबद्दलची शिफारस, हे सगळं वेगळ्या पानांवर. ती पानं आमच्या कपाटात राहिली. रस्त्याच्या ऑफिसात गेला तो नुसता तक्ता.

पावसाळा संपल्यावर गेले तर दगड जागेवर नाही. मुकादमाला गाठलं.

"सुटे दगड सगळे भरावात गेले, बाई. तुमच्याच कागदावर होतं ना, सुटा म्हणून? तो तर घडीव होता. पुलाच्या अलीकडच्या पायाला एकदम झकास बसला."

मी त्याच्यावर मनसोक्त ओरडले. तो बिचारा ऐकून घेत होता. ओरडता ओरडताच कळलं की माणूस बरोबर आहे. रस्तेवाल्यांकडे सुटा दगड म्हणजे उचलून वापरायचा माल. सर म्हणाले, "पुढच्या वेळी शेरा सविस्तर लिहीत चला." पुढच्या वेळी! मला सरांचाही राग आला, पण खरा राग माझ्या त्या वळणदार अक्षराचा होता.

चार दिवस मी आजींना टाळलं. पाचव्या दिवशी गेले आणि सांगून टाकलं, "आजी, चूक माझी आहे. मी एक शब्द असा लिहिला की त्यांनी दगड पुलाच्या पायात घातला."

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग विचारलं, "खयच्या बाजूक?"

"अलीकडच्या."

त्या उठल्या, घरातून नारळ घेतला आणि चालू लागल्या. मी मागोमाग. पुलाच्या पायाशी नारळ ठेवून त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, म्हणजे देवाशी मोठ्यानं बोलायची त्यांच्याकडची रीत. हे काम खरं तर पुरुषांचं, पण घरात आता पुरुष म्हणजे मुलगा, तो बाराच्या पाळीला गेलेला. मला वाटलं, दगड गेल्याची तक्रार असेल.

"बा राखणदारा, आज ह्या चेडवाच्या हातसून चूक झाली, ती पदरात घे. तिका नोकरीत यश दी. तिच्या वाटेत काय आडवा इला तर ता बाजूक कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला भोवतीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची असते. भोवती माझ्याशिवाय कोणीच नव्हतं.

आजींनी जोडलेले हात तसेच ठेवून माझ्याकडे मान वळवली. "म्हण गो," त्या म्हणाल्या.