पत्र्यावरचा बूस्टर

वडगावात आमच्या गल्लीत अर्ज करायचा म्हटलं की अंबाजीला पुढं करायचं, हे ठरलेलं. नळाला पाणी नसो की खांबावरचा दिवा गेलेला असो, घरातले चारही माग बंद ठेवून हा माणूस कचेरीत भांडायला जाणार. आम्ही त्याला 'अर्जवाले' म्हणून चिडवायचो आणि तो त्यावर खूश व्हायचा.

त्याच्या पत्र्याच्या घरात मोबाईलला रेंज मिळेना. साड्यांचे व्यापारी हल्ली व्हिडिओवर काठ-पदर बघूनच माल ठरवतात. म्हणून गेल्या वर्षी त्यानं रेंज वाढवणारा बूस्टर आणला आणि पत्र्यावर अँटेना उभी केली. त्याचं काम झकास चाललं. गल्लीत आमचे फोन मात्र मधेच तुटायला लागले, कधी लागेचनात. आम्ही कंपनीला शिव्या घालायचो. त्यात अंबाजीचा आवाज सगळ्यांत मोठा.

दिवाळीनंतर त्याची थोरली बहीण ताराबाई भरदुपारी छातीत कळ येऊन गेली. चार घरं पलीकडं एकटीच राहायची. तिच्या फोनवरून अंबाजीचा नंबर अकरा वेळा फिरवलेला होता. एकदाही लागला नव्हता.

तेराव्यानंतर अंबाजीनं कंपनीविरुद्ध अर्ज लिहिला आणि घरोघरी फिरून सह्या घेतल्या. मीही सही केली.

"आक्काला ह्यांनीच मारलं. सोडत न्हाय मी."

महिन्याभरानं मोबाईलच्या लहरींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची गाडी आली. साहेब हातातली अँटेना फिरवत गल्लीभर चालले आणि अंबाजीच्याच दारात थांबले. आपल्या अर्जाची दखल घेतली म्हणून त्यानं लगेच आत चहा ठेवायला सांगितला.

साहेबांनी पत्र्याकडं बोट केलं. "हा बूस्टर विनापरवाना आहे. ह्याचा गोंगाट टॉवरवर जातो. मग आसपासचे फोन टॉवरपर्यंत पोचतच नाहीत."

"आसपास म्हंजे? चार घरं?"

"चार घरं काय, अख्खी गल्ली."

अंबाजी उंबऱ्यावरच बसला. साहेबांच्या माणसांनी बूस्टर उतरवून गाडीत ठेवला, नोटीस वाचून दाखवली, त्याची सही घेतली. गाडी सुरू झाली तसा तो उठून मागोमाग गेला.

"साहेब, मला न्हाय न्हेणार?"

साहेबांना वाटलं, माणूस घाबरलाय. त्यांनी खिडकीतून हात काढून त्याच्या खांद्यावर ठेवला.

"भिऊ नका आप्पा. तुम्हाला काही होणार नाही."